सपोर्ट संपलेलं विंडोज आणि सपोर्ट नसलेलं मशीन

जुना डेस्कटॉप वापरणारं कुणी "माझं विंडोज अनसपोर्टेड झालंय" म्हणालं, की मी आधी विचारतो: सपोर्ट नक्की कशाचा गेलाय, विंडोजचा की मशीनचा? शब्द एकच असल्यामुळे दोन वेगळ्या परिस्थितींची सरमिसळ होते आणि एकीवरचा उपाय दुसरीवर केला जातो.

पहिली परिस्थिती विंडोज १० ची. २९ जुलै २०१५ ला आलेल्या या सिस्टीमचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर नेहमीसारखाच सुरू झाला. ड्रायव्हर, प्रिंटर, फाइली सगळं जिथल्या तिथे. काहीच बिघडलेलं दिसत नाही, हीच यातली फसवी गोष्ट आहे. थांबले ते फक्त दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारे सुरक्षा पॅच, म्हणजे सिस्टीममधल्या फटी बुजवणारे छोटे अपडेट.

विंडोज १० आणि ११ मधला बराचसा कोड सामायिक आहे. ११ मधली एखादी फट बुजवणारा पॅच आला, की हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते शोधून काढतात. तीच फट १० मध्येही असेल तर तिथे ती उघडीच राहते. म्हणजे जोखीम एका रात्रीत येत नाही, महिन्यागणिक साठत जाते. "पण माझ्याकडे अँटिव्हायरस आहे ना?" हा यावरचा नेहमीचा प्रश्न. विंडोज १० मध्येच असलेल्या डिफेंडर या अँटिव्हायरसला नव्या धोक्यांची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, हे खरं. पण डिफेंडर घातक फाइल ओळखतो. सिस्टीममधली फट बुजवणं हे त्याचं काम नाही.

दुसरी परिस्थिती बरोबर उलटी. इथे सिस्टीम ताजी, म्हणजे विंडोज ११, पण मशीन तिच्या अटींत बसत नाही. टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारा सुरक्षेचा भाग), यूईएफआय (मशीन सुरू करणारी, जुन्या बायोसच्या जागी आलेली प्रणाली), सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देण्याची) सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर, या त्या अटी.

इंटेलचा आय५-६५०० प्रोसेसर असलेल्या माझ्या डेस्कटॉपवर मी टीपीएम डॉट एमएससी (tpm.msc) हे विंडोजमधलं टीपीएमची स्थिती दाखवणारं साधन उघडलं, तर टीपीएम सापडतच नाही असा निरोप. बायोसमध्ये शिरल्यावर पीटीटी नावाचा पर्याय (इंटेलचं अंगभूत टीपीएम) बंद दिसला. तो चालू केला, सेव्ह करून परत आलो, तर टीपीएम २.० हजर! बऱ्याच जुन्या मशीनवर असंच असतं, त्यामुळे मदरबोर्डला नावं ठेवण्याआधी हे एकदा पाहाच. प्रोसेसर मात्र सहाव्या जनरेशनचा, त्याला काही इलाज नाही. शेवटी रूफस या पेनड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्रॅमने या अटींची तपासणी वगळणारा (बायपास करणारा) पेनड्राइव्ह बनवून ११ टाकलं. मायक्रोसॉफ्टचा इशारा स्पष्ट आहे: अशा मशीनचा अपडेटवर हक्क नाही. प्रत्यक्षात दर महिन्याचे सुरक्षा पॅच माझ्याकडे येत राहिले. वर्षाची नवी आवृत्ती मात्र आपणहून आली नाही. ती दर वेळी हाताने टाकावी लागते.

आणि इथेच खरी मेख आहे. विंडोज ११ होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिनेच सपोर्ट असतो. २३एच२ चा, म्हणजे २०२३ च्या उत्तरार्धातल्या आवृत्तीचा, ११ नोव्हेंबर २०२५ ला संपला. बायपास करून ११ टाकलं आणि तिथेच थांबलात, तर दोन वर्षांच्या आत तुमचं नवं विंडोजही पहिल्या परिस्थितीत जाऊन बसतं, आणि डेस्कटॉपवर ११ दिसत असल्यामुळे ते लक्षातही येत नाही.

अगदीच जुन्या मशीनचा प्रश्न निराळा. २४एच२ पासून विंडोजला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सूचना (प्रोसेसरला समजणाऱ्या अंगभूत आज्ञा) लागतात. कोअर २ ड्युओ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरमध्ये त्या दोन्ही नाहीत, त्यामुळे तिथे सिस्टीम बूटच होत नाही. ही वगळता येणारी तपासणी नव्हे, प्रोसेसरला ती भाषाच येत नाही.

मे २०१७ मधला वॉनाक्राय, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आठवून पाहा. विंडोज एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपलेला असूनही मायक्रोसॉफ्टने तिच्यासाठी अपवाद म्हणून पॅच काढला. पण सर्वाधिक बळी पडली ती विंडोज ७ ची मशीनं, जिचा सपोर्ट तेव्हा चालू होता. पॅच मार्चमध्येच आला होता, तो टाकलाच गेला नव्हता. म्हणून सपोर्ट आहे की नाही एवढ्यावर मी थांबत नाही. पॅच त्या मशीनपर्यंत पोचतोय का, ते बघतो.

तुमचं मशीन कुठे आहे हे पाहायला विंडोज आणि आर एकत्र दाबून विनव्हर (winver) टाइप करा. १० ची २२एच२ दिसली, तर सेटिंगमध्ये विंडोज अपडेटखाली वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवण्याचा पर्याय शोधा. घरगुती वापरासाठी ती मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे आणि नोंदणीला मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. तेवढ्या काळात बॅकअप घ्यावा, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघावं. ब्राउझर आणि पत्रव्यवहार एवढंच काम असेल तर लिनक्स मला सगळ्यात बरं वाटतं. ११ दिसलं, तर आवृत्तीचा आकडा वाचा आणि पुढची कधी टाकायची ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.

माझ्या स्वतःच्या मशीनवर मी हे दरवर्षी करतो. आई-वडिलांच्या किंवा मित्राच्या कॉम्प्युटरवर मात्र बायपास करून ११ टाकत नाही, कारण पुढच्या वर्षी तो पेनड्राइव्ह घेऊन तिथे कुणी बसणार नसतं.