उलटलेली नाव बुडतेच असं नाही

गंगापूर धरणाच्या काठावर लहानपणापासून एक वाक्य ऐकत आलोय : ‘नाव उलटली की तिच्यापासून लांब पोहत सुट, नाहीतर ती तुला तळाशी ओढते.’ नाशिकमध्ये आजही वडीलधारी माणसं हे पोरांना सांगतात. सल्ला चुकीचा आहे, आणि धोक्याचाही.

लाकूड पाण्यापेक्षा हलकं असतं. त्यामुळे रिकामी लाकडी होडी उलटली, पाण्यानं भरली तरी सहसा तरंगत राहते. १८९६ साली जॉर्ज हार्बो आणि फ्रँक सॅम्युएलसन हे दोघे नॉर्वेजियन जेमतेम १८ फुटांच्या उघड्या होडीतून, शीड न लावता, फक्त वल्ही मारत न्यूयॉर्कहून निघाले. ५५ दिवसांनी ते इंग्लंडजवळच्या सिली बेटांवर पोहोचले. वाटेत जुलैमध्ये एका लाटेनं होडी पालथी केली. बरंच सामान गेलं, पण होडी राहिली, कारण दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे होते. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट : होडीच्या बुडाला मुद्दाम दांड्या बसवल्या होत्या. भिजलेल्या हातांनी त्याच दांड्या धरून दोघांनी होडी सुलटी केली.

हवेचे कप्पे नसलेली लोखंडी नाव मात्र बुडू शकते. पण नाव तरंगत असेल तर तिला धरूनच राहा. किनारा दिसतो त्यापेक्षा लांब असतो, पोहणारा दमतो, आणि शोधणाऱ्याला पाण्यातलं एकटं डोकं दिसत नाही, नाव दिसते. लाईफ जॅकेट चढायच्या आधी घाला, उलटल्यावर नाही.