अंबाझरीचा गाळ आणि वाळूची घरं

२३ सप्टेंबर २०२३ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. ऐन गणपतीत काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहू लागला आणि नाग नदी काठच्या लेआउटमधल्या घरांत शिरली. पाणी ओसरलं, गाळ राहिला. फ्रिजखाली, दिवाणात, स्विचबोर्डात. तो फावड्याने ओढताना कुणाच्या मनात यायचं कारण नव्हतं, पण तलावांनी पाहिलेल्या वादळांची नोंद अशाच गाळात राहते. ती ठेवणाऱ्यांत एक अगदीच किरकोळ जीव आहे, कवचवाला अमिबा.

शाळेत आपण काढायचो तो अमिबा उघडा. कसाही वेडावाकडा काढा, गुण मिळायचेच. त्याचा हा भाऊबंद घर बांधून राहतो. डिफ्लुजिया नावाचा प्रकार वाळूचे बारीक कण आत ओढून साठवतो आणि एकाचे दोन व्हायची वेळ आली की तेच कण नव्या जिवाच्या कवचाला लावतो. पोराच्या घराची रेती बापाने आधीच आणून टाकलेली! आर्सेलाला रेती लागत नाही. तो कवच स्वतःच्या अंगातूनच घडवतो. कोवळेपणी ते फिकट असतं, पुढे तपकिरी होतं, आणि खालून पाहिलं तर मधोमध भोक पाडलेल्या बटणासारखं दिसतं. बहुतेकांचा आकार मिलिमीटरच्या विसाव्या भागापासून पाव मिलिमीटरपर्यंत. जीव मेला तरी कवच तळाच्या गाळात हजारो वर्षं टिकू शकतं.

डिफ्लुजियाचं पहिलं वर्णन फ्रान्समध्ये लेक्लेर यांनी १८१५-१६च्या सुमारास केलं. आपल्याकडे हा विषय फार उशिरा आला असं वाटेल, पण तसं नाही. मुंबईत लष्करी डॉक्टर असलेले हेन्री जॉन कार्टर यांनी १८५६मध्ये मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवर लिहिलं आणि १८६४मध्ये इंग्लंड व भारतातल्या अशा अमिबांवर. अमेरिकेत जोसेफ लायडी यांचा रंगीत चित्रांचा जाडजूड ग्रंथ आला तो १८७९मध्ये. हे लायडी डायनोसॉरच्या हाडांचेही अभ्यासक. हाडं शोधणाऱ्यांच्या भांडणांना कंटाळून ते डबक्यांकडे वळले असं म्हणतात. मला तरी तो सौदा बरा वाटतो.

ही मंडळी मुख्यतः जिवंत प्राणी पाहत होती. रिकाम्या कवचांची किंमत भूशास्त्रज्ञांना नंतर कळली. मेडिओली आणि स्कॉट यांनी १९८३मध्ये पूर्व कॅनडातल्या तलावांच्या गाळातली कवचं नीट लावून दाखवली. दहा वर्षांनी, १९९३मध्ये, लिउ आणि फर्न यांनी अमेरिकेत अलाबामाच्या किनाऱ्याजवळच्या लेक शेल्बीतून गाळाचे नमुने काढले. काळ्या चिखलात मधेच वाळूचे पट्टे होते. चक्रीवादळात समुद्राने पुळण ओलांडून आत फेकलेली ती वाळू. वादळाचा पुरावा तळाशी सापडतो हे त्यातून पक्कं झालं आणि अशा अभ्यासाला जोर आला.

पण वाळू फक्त वादळ येऊन गेलं एवढंच सांगते. तलावातल्या जिवांचं त्यात काय झालं, ते कवचं सांगतात. उथळ तलावात जोराचा वारा सुटला की लाट तळापर्यंत पोचते आणि वरचा मऊ थर ढवळून काढते. जुनी कवचं नव्यांत मिसळतात, काही फुटतात, हलकी दूर वाहून जातात. त्याच वेळी ओढे-नाले बाहेरची माती आणतात. तिच्यासोबत ओल्या मातीत, शेवाळात राहणारे अमिबाही येतात, म्हणजे परगावची माणसं या गावाच्या मतदार यादीत. माती भरमसाट आल्याने चमचाभर गाळातली कवचांची संख्या घसरते. त्यामुळे मोजणाऱ्याला आधी ठरवावं लागतं, की जीव मेले की नुसते पातळ झाले.

जे जगतात त्यांच्यात सेन्ट्रोपिक्सिस पुढे असतो. हा काटक. थोडं खारट पाणी, कमी खाद्य, दोन्ही चालवून घेतो. समुद्राचं पाणी आत घुसलेल्या तलावात तोच टिकतो, बाकीचे माघार घेतात. काही जण कवचातच अंग आखडून, पुटी करून दिवस बरे यायची वाट बघतात. पुराने शेताचं खत आणि गटाराचं पाणी आलं, शेवाळ माजलं, की कुकुर्बिटेला ट्रायकस्पिससारख्या प्रकाराचं फावतं. म्हणजे वादळ एका रात्रीचं, परिणाम बरीच वर्षं.

हे वाचायचं तर तळात नळी खुपसून गाळाचा उभा नमुना काढतात. शिसं-२१० हे किरणोत्सारी शिसं दर २२ वर्षांनी निम्मं होतं, त्यावरून गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचे थर ओळखतात. अणुचाचण्यांचा सीझियम १९६३च्या आसपास सर्वांत जास्त पडला, तीही एक खूण.

नागपूरला तळाचा गाळ वाचायची परंपरा जुनी आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टाकळीजवळ लाव्हाच्या दोन थरांमधल्या प्राचीन तळ्याच्या गाळातून शंख-शिंपले काढले. तो गाळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हेच हिस्लॉप सप्टेंबर १८६३मध्ये टाकळघाटहून परतताना पावसाने फुगलेल्या ओढ्यात बुडाले.

आता उन्हाळ्यात गाळ काढायची मोहीम असते. २०१७पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनाही आहे. पाणी मावायला ते हवंच. पोकलेनने एकदा बकेट मारलं की परवाच्या पुराचा थर आणि आजोबांच्या काळचा थर एकाच ट्रॉलीत पडतात. शेतात पीक मात्र झकास येतं.