व्रणावरची फांदी

१९६२ साली अमेरिकेत, ह्यूस्टनच्या एका रुग्णालयात एक तरुण बाई छातीवरचा टॅटू काढून टाकायला गेली. गुलाबाची फुलं होती, आता नकोशी झाली होती. त्या निमित्ताने डॉक्टरांनी तिला विचारलं, सिलिकॉनचं एक नवं रोपण आम्ही तयार केलंय, बसवून घेतेस का? तिला खरं तर आपले कान नीट करून हवे होते. मग दोन्ही झालं, आणि सिलिकॉनचं स्तनरोपण करून घेतलेली जगातली पहिली स्त्री म्हणून तिची नोंद झाली.

स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या काही बायका आज बरोबर उलट्या वाटेने जातात. रोपण नको म्हणतात आणि सपाट छातीवर फुलं गोंदवून घेतात. हा फेर पडायला काही दशकं लागली. त्याचं श्रेय टॅटूच्या फॅशनला देणं मला पटत नाही. आपल्या छातीचं काय करायचं हे बाईला कोणी विचारायला लागलं, त्यानंतरची ही गोष्ट आहे.

त्याआधी विचारत नसत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले शल्यविशारद विल्यम हालस्टेड यांनी १८९४ मध्ये स्तनाच्या कर्करोगावरच्या आपल्या शस्त्रक्रियेचे निकाल प्रसिद्ध केले. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी (म्हणजे लसिकाग्रंथी), सगळं एकत्र काढायचं. या शस्त्रक्रियेला 'रॅडिकल' म्हणत. त्या शब्दाच्या पोटात लॅटिनमधलं 'मूळ' आहे, आणि विचारही तसाच होता: जितकं खोल खणाल तितकी कीड जाईल. कातडीखाली फासळ्या मोजता याव्यात अशी छाती उरे, हात सुजे, जखम झाकायला कधीकधी दुसरीकडची कातडी आणून लावावी लागे. जवळजवळ ८० वर्षं अमेरिकेत हीच रीत चालली.

त्यात आणखी एक प्रथा होती. बाई भूल घेऊन टेबलावर जाई तेव्हा गाठ साधी आहे की कर्करोगाची, हे कोणालाच माहीत नसे. तुकडा काढून तिथल्या तिथे तपासायचा आणि कर्करोग निघाला तर तिला न उठवता स्तन काढायचा. शुद्धीवर आल्यावर छाती चाचपून तिचं तिने समजून घ्यायचं.

सप्टेंबर १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांची शस्त्रक्रिया अशीच झाली. त्यांनी ती लपवली नाही, आणि तोवर कुजबुजत बोलायचा हा आजार वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला. रोझ कुशनर ही पत्रकार स्वतः त्याच वर्षी या आजारातून गेली होती. बायोप्सी (म्हणजे तुकड्याची तपासणी) आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या वेळी करा, मधे बाईला विचार करू द्या, हे सांगायला तिने व्हाइट हाउसला फोन केला. उत्तर मिळालं की राष्ट्राध्यक्षांनी निर्णय घेतलेला आहे. छाती कोणाची आणि निर्णय कोणाचा! पाच वर्षांनी, जून १९७९ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ही दोन कामं वेगळी करण्याची शिफारस झाली. त्या मंडळात कुशनरही होती. पुढे १९८५ मध्ये पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीने दाखवलं की लहान गाठींमध्ये फक्त गाठ काढून किरणोपचार दिले तरी बाई तितकीच जगते. हालस्टेडची पद्धत तोवर मागे पडली होतीच, तिचा उरलासुरला आधारही गेला.

याच काळात एक छायाचित्र निघालं. कॅलिफोर्नियातल्या लेखिका डीना मेट्झगर यांना १९७७ मध्ये स्तनाचा कर्करोग झाला. त्यानंतर हेला हॅमिड यांनी त्यांचा फोटो काढला: उघड्या आकाशाखाली दोन्ही हात पसरलेले, अंगावर कापड नाही, एका बाजूला स्तन, दुसऱ्या बाजूला व्रण आणि त्याला वळसा घालत गेलेली गोंदलेली फांदी. त्याचं पोस्टर झालं आणि पुढची कित्येक वर्षं ते हातोहात फिरत राहिलं. मला त्यात फांदीइतकेच ते पसरलेले हात महत्त्वाचे वाटतात. काखेतल्या गाठी काढलेल्या बाईला हात तितका वर न्यायला किती व्यायाम करावा लागतो, हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

तेव्हा टॅटू म्हणजे खलाशी, सैनिक आणि तुरुंग. न्यू यॉर्क शहरात तर काविळीच्या भीतीने १९६१ पासून टॅटूवर बंदीच होती, ती उठली १९९७ मध्ये. तरी गोंदण रुग्णालयात मागच्या दाराने शिरलंच होतं. नव्याने घडवलेल्या स्तनावर बोंडी आणि भोवतालचं गडद वर्तुळ रंगाने उमटवण्याबद्दल प्लास्टिक सर्जनांचे लेख १९७५ पासून येऊ लागले. काम उपयोगाचं, पण चित्रकलेच्या नावाने आनंदच. एकच गुलाबी-तपकिरी ठिपका, तोही काही वर्षांत फिका पडायचा.

यात फरक पाडला मेरीलँडमधल्या फिंक्सबर्ग या छोट्या गावातल्या एका टॅटूवाल्याने. विनी मायर्स २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डॉक्टरांच्या सांगण्यावरून या कामात पडले. त्यांनी केलं ते चित्रशाळेतला पोरगाही करेल: उजेड कुठून येतो ते ठरवलं आणि त्याप्रमाणे सावली भरली. हात फिरवला तर कातडी सपाट, आरशात पाहिलं तर उठाव. लांबलांबून बायका तिथे येऊ लागल्या. स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा योजनांनी तो पुन्हा घडवण्याचाही खर्च द्यावा, असा कायदा अमेरिकेत १९९८ मध्ये झाला होता, त्यामुळे अशा कामाला काही वेळा पैसेही मिळत. वेलबुट्टीला मात्र सहसा नाही. काय गेलं ते परत आणणं म्हणजे उपचार आणि नवं काही काढणं म्हणजे हौस, असा हा हिशेब. विमा कंपनीचा म्हणून तो समजतो, पटत नाही.

हौसेची बाजू २०१३ मध्ये एकदम पुढे आली. त्या वर्षी 'पी-इंक' नावाच्या उपक्रमात ब्रुकलिनला १० टॅटू कलाकारांनी १० जणींना एका दिवसात मोफत गोंदून दिलं. त्याच वर्षी, बऱ्याच तक्रारींनंतर, फेसबुकने शस्त्रक्रियेनंतरच्या छातीचे फोटो चालतील असं स्पष्ट केलं.

या सगळ्यात एक टॅटू असा आहे ज्याला कोणी टॅटू म्हणत नाही. किरणोपचार, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'शेक' किंवा 'लाईट देणं' म्हणतात, तो रोज नेमक्या त्याच जागी पडावा म्हणून छातीवर शाईचे बारीक ठिपके टोचतात. काही ठिकाणी आता त्याऐवजी कॅमेऱ्याने जागा धरतात. ज्यांना टोचले त्यांच्या अंगावर ते कायमचे राहतात, आणि आंघोळ करताना रोज दिसतात. आपल्या आज्या-पणज्यांच्या कपाळावरचं, हनुवटीवरचं हिरवं गोंदणही असंच होतं. 'मेल्यावर बरोबर येतं ते गोंदणच' असं म्हणत, पण लहानग्या पोरीला धरून बसवून टोचताना तिला कोणी विचारलं नव्हतं. त्या हिरव्या टिकल्या आणि हे निळे ठिपके एकाच जातीचे. मेट्झगर यांची फांदी त्या जातीची नाही.

घाई मात्र चालत नाही. व्रण मुरून मऊ आणि फिका व्हायला साधारण वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. केमोथेरपी चालू असताना जंतुसंसर्गाची भीती असते. किरणोपचार झालेली कातडी पातळ झालेली असते, तिच्यात शाई पसरते. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सुई लावू नये असंच सहसा सांगतात, कारण हात सुजण्याचा धोका पुढेही राहतो. शिवाय शाईचे कण लसिकावाहिन्यांतून काखेतल्या गाठींत जाऊन बसतात आणि तपासणीत घोटाळा करू शकतात, तेव्हा टॅटू आहे हे डॉक्टरांना आधीच सांगितलेलं बरं. उंचवट्यावर शाई नीट धरत नाही म्हणून जाणते कारागीर व्रणावर रंग थापत नाहीत, त्याच्या कडेने जातात. वेली आणि फांद्या जास्त दिसतात त्याचं एक कारण हेही: व्रणाची रेघ आयताच देठ होते.

दुखण्याचं म्हणाल, तर शस्त्रक्रियेत नसा कापल्या गेल्यामुळे छातीचा बराच भाग बधिर झालेला असतो. काही जणींना सुई नेमकी कुठे चालली आहे हे मान वाकवून पाहिल्यावरच कळतं.