टणटणीचं रान आणि माघातली आग

वणवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एप्रिलमधला सह्याद्री येतो: करपलेले उतार, होरपळलेली झुडपं. कर्नाटकातल्या बी. आर. हिल्समधल्या (बिळिगिरी रंगन डोंगरांतल्या) सोलिगा आदिवासींची आग वेगळी होती. ते जानेवारी-फेब्रुवारीत रानातला पाचोळा पेटवत. तेव्हा गवत पुरतं वाळलेलं नसतं आणि जळायला पाचोळाही थोडाच. त्यामुळे आग बुटकी राहते, जमिनीलगत सरकते आणि विझते. पानगळीच्या जंगलातल्या मोठ्या झाडांना जाड सालीमुळे तिची फारशी झळ लागत नाही. पाचोळ्याची राख होते, उन्हाळ्यात भडकायला सरपण उरत नाही.

1974 मध्ये इथे अभयारण्य झालं. शिकार आणि फिरत्या शेतीबरोबर ही आगही बंद झाली.

पुढच्या काळात टणटणी (आपली घाणेरी) माजली. अमेरिका खंडातून शोभेसाठी आणलेलं हे झुडूप 1997 च्या पाहणीत सुमारे 41 टक्के नमुना-तुकड्यांत होतं, 2008 मध्ये 81 टक्क्यांत. सोलिगा म्हणतात, आमची आग थांबली म्हणून. पूर्वी अनेक अभ्यासकांना नेमकं उलट वाटत होतं: आग लागते, जागा मोकळी होते आणि तिथे टणटणी घुसते. बी. आर. हिल्समध्ये मात्र वणवे कमी होत असतानाच टणटणी वाढली. तरी सगळा दोष आगबंदीच्या माथी मारणं मला पटत नाही, कारण पाखरं तिची फळं खाऊन बी दूरवर टाकतातच.

आवळ्याबद्दलही सोलिगांची तीच तक्रार. झाडांवर बांडगूळ फार झालं, फळं घटली. पाचोळ्याच्या आगीची धग आणि धूर बांडगुळाला आटोक्यात ठेवत, असं जुनेजाणते सांगतात.

मग पुन्हा पेटवायला सुरुवात करावी का? लगेच नाही. पुरुषभर उंचीच्या टणटणीत आग जमिनीवर थांबत नाही, झुडपावरून फांद्यांत चढते. शिवाय जळालेली टणटणी बुंध्यातून पुन्हा फुटते. आधी ती मुळाशी खणून काढायला हवी. मगच बुटकी आग शक्य आहे.

आपल्याकडे ‘वणवा लावला की गवत जोमानं येतं’ असं म्हणत भर उन्हाळ्यात डोंगर पेटवले जातात. त्याला हा दाखला लागू नाही. वारा, उभा उतार, कडक वाळलेलं गवत आणि दरवर्षी तोच डोंगर, यात रोपं जगतच नाहीत. वनखातंही आग वापरतं, पण उन्हाळ्याआधी ठरावीक पट्टे जाळून जाळरेषा काढायला, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून.

हे अभयारण्य आता व्याघ्र प्रकल्पही आहे. 2011 मध्ये सोलिगांना तिथल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. व्याघ्र प्रकल्पात असे हक्क मिळण्याची देशातली ती पहिलीच वेळ. जंगलाचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार वनहक्क कायदा देतो. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 30 मात्र अभयारण्यात आग लावायला आजही मनाई करतं.