जुन्या रीफ टँकची वाळू बदलायची आहे? आधी हे वाचा

"वाळू काळी पडलीय, या रविवारी सगळी काढून धुऊन परत घालू का?" असा रीफ टँकवाल्यांचा, म्हणजे खाऱ्या पाण्यात प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवणाऱ्यांचा, फोन आम्हाला सतत येतो. त्याहून जास्त काळजी वाटते ती न विचारता काम उरकून सोमवारी रात्री केलेल्या फोनची. तेव्हा मासे वर येऊन धापा टाकत असतात. हे माहितीपत्रक त्या सोमवारसाठी आहे.

आधी वाळू खरंच बदलायला हवी का ते पाहू. पुढच्या काचेला लागून दिसणारा हिरवा-जांभळा पट्टा बहुतेक वेळा उजेडामुळे वाढलेल्या शेवाळाचा असतो. त्यासाठी वाळू काढायची गरज नाही. पण पाणी बदलूनही नायट्रेट आणि फॉस्फेट खाली येत नसेल, वाळूचे घट्ट गठ्ठे झाले असतील किंवा वाळू हलवल्यावर काळा गाळ आणि सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर बदलायची वेळ झाली आहे. टँक चार-पाच वर्षं चालला आणि वाळू कधी सायफन केली (पाइपने गाळ ओढून साफ केली) नसेल तर हे होतंच.

आता मुख्य गोष्ट. सगळी वाळू एका दिवसात काढू नका.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जीवाणू दगडांवर असतात तसेच वाळूच्या वरच्या थरातही असतात. सगळी वाळू गेली की त्यांचा मोठा हिस्सा जातो, पण मासे तेवढेच राहतात. शिवाय खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो. पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो, त्यामुळे गोड्या पाण्यातल्या टँकमध्ये एखादे वेळी निभावून जातं ते इथे जात नाही.

दुसरा धोका तळाशी असतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, लिटरला सुमारे २.७ ग्रॅम. जाड वाळूत खाली ऑक्सिजन पोचत नाही. तिथले जीवाणू या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. दगडाच्या मागे, जिथे कधी हात पोचला नाही, तिथे आमचा पाइप खुपसला की आधी दोन-चार बुडबुडे येतात, मग पाइपमधून काळं पाणी धावतं आणि बादलीजवळ उभं राहवत नाही. पाइपने ते थेट बाहेर जातं. तीच वाळू हाताने किंवा मगने उपसली तर सगळं माशांच्या कल्ल्यांपाशी पसरतं.

नळाच्या पाण्यात जुनी वाळू धुऊन परत घालणं तर अजिबात नको. क्लोरीनने आणि गोड्या पाण्याने तिच्यातले जीवाणू, किडे, बारीक शंख सगळे मरतात आणि टँकमध्ये जाऊन सडतात. वाळू पांढरीशुभ्र दिसते, म्हणूनच फसायला होतं.

आम्ही हे काम चार फेऱ्यांत करतो, दोन फेऱ्यांमध्ये दहा-बारा दिवस ठेवून. काही ग्राहकांना वाटतं, फेऱ्या वाढवून बिल वाढवतात. बिल संपूर्ण कामाचं एकच असतं. प्रत्येक फेरीत सुमारे २० टक्के पाणी बदलतो आणि त्या पाण्याबरोबर पाव भाग वाळू जाड पाइपने ओढून काढतो. मग अमोनिया मोजतो. तो शून्य असल्याशिवाय पुढच्या भागाला हात लावत नाही. दगड काचेवर न टेकवता वाळूवर रचले असतील तर त्यांच्या खालची वाळू तशीच ठेवतो. ती काढली तर रचना ढासळते आणि काच जाते. शंभर लिटरच्या आतला टँक असेल तर मात्र मासे आणि दगड वेगळ्या पाण्यात काढून एकाच दिवसात करतो, कारण तेवढं सामान सुरक्षित हलवता येतं.

नवी वाळू अरॅगोनाइटचीच (शंख-प्रवाळात असतं त्या चुन्याच्या खनिजाची) हवी, दाणा १ ते २ मिलिमीटर. फार बारीक घेतली तर पॉवरहेडसमोर (टँकमध्ये पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपासमोर) खड्डे पडतात. ४ फूट बाय २ फूट टँकला ४ सेंटीमीटर थरासाठी ४० ते ४५ किलो लागते. कोरडी वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवा, शेवटचं पाणी आरओचं. पाकिटातली लाइव्ह सँड, म्हणजे जिवंत जीवाणू असलेली ओली वाळू, मात्र धुवायची नाही. अलिबागची किंवा जुहूची वाळू आणू का, असंही विचारतात. नको. तिच्यात सिलिका आणि काळ्या दगडाचा चुरा असतो, तेल-सांडपाणी वेगळंच. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडाही आणू नका. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत.

वाळू नकोच असेल तर उघड्या काचेचा तळही चांगला चालतो. पण वाळूत झोपणारे रॅस किंवा वाळू चाळणारा गोबी असे मासे असतील तर त्यांचे हाल होतील. आम्ही वाळू विकत असलो तरी विचारलंत तर हे सांगतोच.

वाळू घालताना रिटर्न पंप (खालच्या टाकीतून पाणी वर आणणारा), पॉवरहेड आणि स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) बंद करून पीव्हीसी पाइपमधून ती थेट तळाशी सोडतो. झोअँथिड, मश्रूम, लेदर या प्रवाळांवर बसलेली वाळू पिचकारीने उडवतो. पाणी एक-दोन दिवस दुधाळ राहील. पुढे काही आठवडे तपकिरी थर येईल, तो डायटम या सूक्ष्म शेवाळाचा, आपोआप जातो. नवी वाळू थोडा केएच (पाण्याची कार्बोनेट क्षारता) खाते, म्हणून पहिले पंधरा दिवस तो एक दिवसाआड मोजा.

आणि सगळी वाळू आधीच काढून झाली असेल तर? कोणतंही औषध घालू नका. खाणं बंद करा, एअर स्टोन जोरात लावा, त्याच खारटपणाचं आणि तापमानाचं ३० ते ५० टक्के पाणी बदला, सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) अॅक्टिव्हेटेड कार्बन टाका आणि लगेच फोन करा. दुसऱ्या टँकमधला जीवाणू बसलेला दगड आम्ही अशा वेळी उसना देतो.

आमची फेरी ठरली की आदल्या रात्री मिठाचं पाणी ढवळत ठेवा, सापेक्ष घनता १.०२५ वर. त्या दिवशी माशांना खायला घालू नका. रात्री वीज जायची शक्यता असेल तर निदान एक पॉवरहेड इन्व्हर्टरवर ठेवा. वाळू हलवलेल्या रात्री पाणी थांबलं तर ऑक्सिजन नेहमीपेक्षा लवकर संपतो.