ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरचा रंग काढण्याच्या पद्धती कशा बदलत गेल्या

एसटीच्या हिंगणा कार्यशाळेत वर्षानुवर्षे ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या बॉड्या तयार झाल्या. पुढे महामंडळ माइल्ड स्टीलकडे वळलं, तरी नागपूरच्या गॅरेजांत हा पत्रा आजही येतो. तिकडे ब्रिटनमध्ये युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून १९४८च्या लँड रोव्हरला बर्माब्राइट या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातूचे पत्रे लागले. धातू बदलला, पण रंग काढायच्या सवयी लोखंडाच्याच राहिल्या. बहुतेक पत्रे खराब होतात ते यामुळेच.

लोखंडासाठी जुना हुकमी उपाय कॉस्टिक सोडा. तेलावर आधारलेल्या इनॅमलचा त्याने साबण होतो आणि रंग सुटून येतो. लोखंडाला फारसं काही होत नाही. ॲल्युमिनियमचं संरक्षण मात्र काही नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडच्या थरावर असतं. कॉस्टिक आधी तो थर विरघळवतं, मग धातूच खातं. पत्र्यावर बुडबुडे येतात तो हायड्रोजन, म्हणजे पेटणारा वायू. ओव्हन क्लीनरमध्येही बहुधा कॉस्टिकच असतं, तेव्हा तोही नको.

मग आला मिथिलीन क्लोराइडचा रिमूव्हर. धातूला न खाता तो थर फुगवून सोडवतो, म्हणून विमानांपासून गॅरेजपर्यंत सगळीकडे चालला. पण तो ४० अंशांच्या आसपास उकळतो आणि नागपूरचा मे त्याच्याही पुढे जातो. उन्हात लावलेला रिमूव्हर रंगात मुरण्याआधीच उडतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने सर्व्हिस पिटमध्ये, म्हणजे गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात, साचते आणि शरीरात तिचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. बंद जागेत काम करणारे या वाफेने दगावले आहेत. अमेरिकेने २०१९ मध्ये रंग काढण्यासाठी त्याची किरकोळ विक्री बंद केली. आता बेंझिल अल्कोहोलचे रिमूव्हर वापरतात. ते तासन् तास घेतात, म्हणून लेप जाड देऊन वर प्लास्टिकचा कागद झाकावा. डब्यावर ‘ॲल्युमिनियमसाठी चालेल’ असं लिहिलेलं असेल तरच घ्यावा.

घासण्याचीही तीच गत. लोखंडी वायरब्रशचे कण मऊ पत्र्यात रुततात आणि ओल लागली की तिथेच गंज धरतो. नव्या रंगाखाली फोड येतात. वाळूच्या माऱ्याने पत्रा ताणला जाऊन लहरतो. १९८०च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने विमानांसाठी प्लास्टिकच्या मऊ दाण्यांचा मारा वापरात आणला, तो मुख्यतः रासायनिक रिमूव्हरला पर्याय म्हणून. साध्या गॅरेजात नायलॉनची स्ट्रिपिंग डिस्क कमी वेगावर फिरवावी. कडा आणि रिबिटांभोवती हाताने १८० नंबरचा घासकागद, शेवटी त्याहून बारीक ३२०चा. ग्राइंडर लावलाच, तर लोखंड घासताना उडालेल्या ठिणग्या ॲल्युमिनियमच्या धुळीवर पडू देऊ नयेत. ती धूळ भडकते.

खाली पिवळट-हिरवा प्रायमर दिसला की थांबावं. तो झिंक क्रोमेटचा असू शकतो आणि त्याची धूळ कर्करोगकारक आहे. कोरडं घासू नये. ओला कागद, कणरोधक मास्क, आणि चिखल पुसून वेगळ्या पिशवीत.

रिमूव्हरचा मेणकट अंश साबणाच्या पाण्याने धुवावा, पत्रा कोरडा करून थिनरने पुसावा आणि त्याच दिवशी एच (etch) प्रायमरचा, म्हणजे आम्लामुळे धातूला घट्ट धरणाऱ्या प्रायमरचा, पातळ हात द्यावा. मोकळ्या पत्र्यावर ऑक्साइड लगेच चढतो. रात्रभर उघडा राहिला, तर प्रायमरआधी हलका कागद पुन्हा फिरवावा लागतो.