शिवनेरीच्या कड्यावरचं नशीब

पावसाळ्यात केळ्यांचा घड दोन दिवस ओट्यावर राहिला की त्यावर चिलटं घिरट्या घालू लागतात. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी आजी त्यावर ओलं फडकं टाकायची. तिला वैताग आणणाऱ्या याच जातकुळीतल्या माशांनी उत्क्रांतीचं एक मोठं कोडं उलगडून दाखवलं आहे.

जनुकशास्त्रज्ञ पीटर ब्युरी यांचा प्रयोग १९५६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी माशांच्या १०७ बाटल्या मांडल्या, प्रत्येकीत आठ नर आणि आठ माद्या. डोळ्यांच्या रंगाच्या एका जनुकाची दोन रूपं सुरुवातीला सगळीकडे निम्मी-निम्मी होती. दर पिढीत, कसलीही पारख न करता, नव्या माशांतून पुन्हा आठ नर आणि आठ माद्या उचलायच्या. १९ पिढ्यांनंतर ३० बाटल्यांतून त्यातलं एक रूप समूळ नाहीसं झालं होतं आणि २८ बाटल्यांत फक्त तेच उरलं होतं. खाणं तेच, हवा तीच. फरक पडला तो कोणत्या माशा उचलल्या गेल्या एवढ्याच योगायोगाने. याला जनुकीय विचलन म्हणतात.

आपल्याला शाळेत उत्क्रांती म्हणून भेटते ती नैसर्गिक निवड, आणि तीही बऱ्याचदा ‘बळी तो कान पिळी’ अशा चुकीच्या रूपात. निवडीला बळाशी देणंघेणं नाही. डीडीटी फवारल्यावर जे डास वाचले, त्यांच्यातल्या काहींकडे ते विष पचवणारी जनुकं होती. त्यांची पिल्लावळ वाढली आणि फवारा निकामी ठरू लागला. इथे जनुक टिकलं ते उपयोगी होतं म्हणून. ब्युरींच्या बाटल्यांत एक रूप टिकलं, कारण तसं घडलं.

मग एखाद्या गोतावळ्यात कोणाचं चालणार, निवडीचं की नशिबाचं? ते डोकी किती यावर ठरतं. ढोबळ हिशोब असा: जीवांची संख्या दुप्पट करा आणि तिने एकाला भागा. जनुकाचा फायदा या उत्तरापेक्षा बराच मोठा असेल तर निवड जिंकते. एक टक्का फायदा देणारं, म्हणजे ज्याच्याकडे ते आहे त्याला सरासरी एक टक्का जास्त पिल्लं होतात असं, जनुक घ्या. एक लाख जीवांत हे उत्तर एक टक्क्याच्या पासंगालाही पुरत नाही. वीस जीवांत ते अडीच टक्के येतं, आणि तिथे चांगलं जनुकही सहज वाहून जातं.

मोठ्या गोतावळ्यातही नव्या जनुकाची सुरुवात नाजूकच असते. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२७ साली गणिताने दाखवलं की एक टक्का फायद्याचं नवं जनुक कायमचं रुजण्याची शक्यता जेमतेम दोन टक्के असते. म्हणजे अशा शंभर उपयोगी बदलांपैकी अठ्ठ्याण्णव कुणाला न कळता संपतात. हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

हे सगळं मला आठवतं ते जुन्नरला गेल्यावर. शिवनेरीच्या कड्यावर शिंदळ माकुडी उगवते. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांनी तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटलं. मांसल खोडाची ही वनस्पती पावसात पानं धरते, कोरड्या दिवसांत टाकते. फूल तांबूस, पाच कोपऱ्यांचं, मध्ये पिवळं. जगात ती फक्त सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर आहे, आणि प्रत्येक कड्यावरची झाडं थोडी, एकमेकांपासून लांब. ब्युरींच्या बाटल्याच जणू, फक्त काळ्या पाषाणावर ठेवलेल्या.

इथे एक दरड कोसळली तर तिच्याखाली काटक झाड गेलं की नाजूक, याला काही अर्थ उरत नाही. दुष्काळ सोसणारं एखादं जनुक त्या एकाच झाडात असेल, तर तेही मातीत जातं. म्हणून या वनस्पतीसाठी शेवटचं झाड जपण्यापेक्षा आज अनेक कड्यांवर अनेक झाडं असणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

ती रुईच्या कुळातली, त्यामुळे बियांना रेशमी केसांचा झुबका असतो. शेंग उकलली की वारा त्या बिया उचलतो. एखादी खडकाच्या भेगेत अडकते. बाकीच्या खालच्या शेतांकडे निघून जातात, आणि त्यांतली जनुकंही.